कान तुटलेला कप

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या समोर, आमच्या अब्बांचे चहाचे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी, दोन लाकडी टेबले, दारात भट्टी आणि भट्टीशेजारी गल्ला. भजी, शेव आणि चहा, एवढाच माल. पण अब्बांच्या हॉटेलाचे पंचक्रोशीत नाव होते. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकले की त्याने काही मागायच्या आत पोऱ्याने टेबल पुसून पाण्याचा पेला ठेवायचा, हा त्यांचा दंडक होता. बाजाराच्या दिवशी म्हातारीकोतारी माणसे चहा न घेता नुसते पाणी पिऊन उठत. त्यांनाही अब्बा "बसा, ऊन उतरू द्या" म्हणत. उधारी मागताना त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. "गिऱ्हाईक म्हणजे मेहमान, फक्त जाताना पैसे देऊन जातो," असे ते म्हणत आणि आम्हाला ते खरे वाटे.

त्याच हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात दोन कप होते, दोन्हींचे कान तुटलेले. ते कुणासाठी होते हे गावात सांगावे लागत नसे. ज्याच्यासाठी होते तो स्वतः कप काढी, स्वतः विसळी, अब्बा वरून चहा ओतीत, तो उकिडवा बसून पिई आणि कप पुन्हा विसळून कोनाड्यात ठेवी. पैसे मात्र तेवढेच देई.

१९७०च्या दशकात, मी शाळेत असताना, वाड्यावरचा एक तरुण सुटीत गावी आला. तो औरंगाबादेला मिलिंद महाविद्यालयात शिकत होता. तो आत येऊन बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "चाचा, एक चहा. कानाच्या कपात." हॉटेलात सात-आठ माणसे होती. सगळी गप्प झाली. अब्बांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा त्या मुलाकडे. मग चांगल्या कपात चहा भरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, एवढा बाहेर बसून घे." तो मुलगा उठला. चहाचे पैसे मोजून त्याने गल्ल्यावर ठेवले आणि चहाला हात न लावता निघून गेला.

त्या चहाविषयी घरात कुणी बोलले नाही. पण पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा तो कप वारंवार आठवत राहिला. आपल्या समाजात मेहमाननवाजीचा अभिमान मोठा आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. पण दुकानात आणि हॉटेलात आलेल्या माणसाला आपण कसे वागवले, याचा हिशेब गोड बोलण्यावरून मांडायचा की त्याच्यापुढे ठेवलेल्या पेल्यावरून? महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे विखुरलेली आहेत. त्यांतली काही इथे एकत्र ठेवतो.

सुरुवात सराईपासून करू. शेरशाह सूरने १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या राजवटीत हमरस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या, असे त्याचा इतिहासकार अब्बासखान सरवानी सांगतो. सराईच्या दाराशी वाटसरूंसाठी पाण्याने भरलेले रांजण असत. हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी वेगळ्या खोल्या होत्या आणि हिंदू प्रवाशांची व्यवस्था पाहायला ब्राह्मण नेमलेले होते. बादशहाने लोकांच्या रूढी मोडल्या नाहीत, सांभाळून घेतल्या. वेगळे पाणी त्या काळीही होते, पण वाटसरू तहानलेला जाऊ नये ही जबाबदारी राज्याने आपल्या अंगावर घेतली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आपल्या भागातले उदाहरण पाहायचे तर औरंगाबादची, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरातली, पाणचक्की पाहावी. औरंगजेबाच्या काळात बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा तिथे आहे. 'मुसाफिर' हेच ज्यांचे नाव, त्यांच्या खानकाहात मुसाफिरांची सोय होणे ओघानेच आले. शहराबाहेरच्या डोंगराकडून खापराच्या नळांनी जमिनीखालून पाणी आणले, ते उंच भिंतीवर चढवून हौदात पाडले आणि त्या पाण्याच्या जोराने जाते फिरवले. त्या जात्यावर खानकाहातील फकीर, विद्यार्थी आणि येणारे-जाणारे प्रवासी यांच्यासाठी धान्य दळले जाई. आज पर्यटक तिथे पाण्याचा पडदा पाहतात आणि फोटो काढतात. पण ते सारे यंत्र मुळात भुकेल्या वाटसरूला पीठ मिळावे म्हणून उभे राहिले होते. पाहुणचार म्हणजे केवळ मनाचा मोठेपणा नव्हे. त्याच्यामागे नळ, जाते, पीठ आणि माणसांचे श्रम असतात, हे पाणचक्कीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

आता त्या पाणचक्कीपासून साधारण पंधरा किलोमीटर जाऊ. तिथे दौलताबादचा किल्ला आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादला थांबले. दिवस रमजानचे होते. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. प्रवासाने सर्वांची तोंडे धुळीने माखली होती, म्हणून काहींनी हात-तोंड धुतले आणि मंडळी दाराकडे निघाली. इतक्यात पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत धावत आले. या लोकांनी हौद बाटवला, असे त्यांचे म्हणणे होते. पाहता पाहता जमाव जमला. बाबासाहेबांनी शांतपणे समजूत घालायचा प्रयत्न केला. शेवटी संतापून त्यांनी विचारले, हीच का तुमच्या धर्माची शिकवण? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या हौदावर अडवणार का? या प्रश्नावर जमाव निरुत्तर झाला. मंडळींना आत जाऊ दिले, पण किल्ल्यातल्या कुठल्याही पाण्याला त्यांनी हात लावू नये म्हणून एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला.

ही हकिकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्या सभा-संमेलनांत पाणचक्कीचा उल्लेख अनेकदा होतो, दौलताबादच्या हौदाचा फारसा होत नाही. बाटवण्याची कल्पना आपल्या धर्मात नाही, हे खरे. पण त्या वृद्ध गृहस्थाच्या मनात ती होती आणि रमजानच्या महिन्यात होती. ती कुठून आली याचे उत्तर 'शेजाऱ्यांकडून' असे देऊन आपण सुटू शकत नाही. हौद आपल्या हातात होता आणि त्या दिवशी अडवणारे आपणच होतो.

त्याच आठवणींत आणखी दोन प्रसंग आहेत आणि तेही पाण्याचे व मुक्कामाचेच आहेत. पहिला १९०१ सालचा. लहानगा भीमराव भावंडांबरोबर सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरला. वडिलांकडे कोरेगावला जायचे होते. रात्री बैलगाडी एका टोल नाक्याशी थांबली. मुलांजवळ डबा होता, पण पाणी नव्हते, आणि पाण्यावाचून जेवण घशाखाली उतरेना. गाडीवानाने सुचवले की नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगा. मुलाने जाऊन चांगल्या उर्दूत पाणी मागितले. नाकेदार हिंदू होता. तुमच्यासाठी पाणी भरून कुणी ठेवले आहे, टेकडीवर आहे तिथून आणा, एवढेच त्याने सांगितले. मुले उपाशी झोपली. मला या प्रसंगात एक गोष्ट लागून राहते. मुसलमान म्हटल्यावर तरी पाणी मिळेल, अशी आशा एका मुलाने आपल्या नावावर ठेवली होती. पुढे तेहेतीस वर्षांनी खुद्द मुसलमानाच्या हौदावर त्याच माणसाला काय ऐकावे लागले ते आपण वर पाहिलेच.

दुसरा प्रसंग बडोद्याचा, १९१७ सालचा. परदेशातून शिकून आलेले आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव लावून त्यांनी मुक्काम केला. रोजचे ठरलेले पैसे ते देत होते, म्हणजे ते रीतसर गिऱ्हाईक होते. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक दारात उभे राहिले आणि त्यांना संध्याकाळच्या आत बाहेर पडायला सांगितले. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही निरनिराळ्या सबबी सांगितल्या. पारशी, हिंदू, ख्रिस्ती आणि दौलताबादचे मुसलमान, अशी ही यादी पूर्ण होते. यात कुणालाच दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

चहा आपल्या भागात रुळू लागला तेव्हा त्याच्याबरोबर हा प्रश्न कपापर्यंत आला. पुण्याचे पंचहौद प्रकरण प्रसिद्ध आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनऱ्याच्या हातचा कपभर चहा पुण्यातल्या सर्वांत मोठ्या विद्वानांना दोन वर्षे पुरला, तिथे रस्त्यावरच्या चहावाल्याने काय करावे?

रेल्वेने डब्यात सर्वांना शेजारी बसवले, पण फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या वेगळ्या राहिल्या. पाणके वेगळे, घडे वेगळे, अल्पोपाहाराच्या खोल्याही वेगळ्या. १९४५च्या सुमारास लाल किल्ल्यात कैदेत असलेल्या आझाद हिंद फौजेच्या सैनिकांनाही 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' वेगळा मिळे. ते सैनिक दोन्ही चहा एकत्र ओतून निम्मा-निम्मा वाटून घेत. ही गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली तेव्हा त्यांना तिचे फार कौतुक वाटले.

या पार्श्वभूमीवर मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांकडे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या माणसांनी ही हॉटेले काढली. त्यांत बहुसंख्य झरतुष्ट्री होते, काही मुसलमानही होते. धोबी तलावचे कयानी १९०४चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३चे, पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक १९३५चे. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, भिंतीला आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई, गल्ल्यावर स्वतः मालक. बन-मस्का आणि 'पानी कम' चहा घेऊन माणूस तासभर वर्तमानपत्र वाचत बसला तरी त्याला कुणी उठवीत नसे.

इराण्याची सेवा गोड होती असे कुणी म्हणणार नाही. वेटर चहाची बशी आदळून ठेवी, मालक गल्ल्यावरून डाफरे. केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, फार वेळ बसू नका, अशा सूचनांच्या पाट्या भिंतीवर असत. त्या इतक्या गाजल्या की निस्सीम इझिकेल यांनी त्यांवर कविता केली. पण टेबलावर बसलेल्याला त्याची जात कुणी विचारीत नसे. गोदीतला हमाल, गिरणीतला कामगार, कोर्टातला कारकून आणि कॉलेजातला मुलगा एकाच टेबलाला बसत, आणि कप सगळ्यांना सारखाच येई. तो फुटका असला तर सगळ्यांचाच फुटका असे. खेड्यातून मुंबईला आलेल्या दलित तरुणांनी आणि आपल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुलांनी शहराची पहिली मोकळीक बहुधा या टेबलांवर अनुभवली. बडोद्याचा मुसाफिरखाना आणि मुंबईचे इराणी हॉटेल यांचे मालक एकाच पैगंबराला मानणारे होते. तेव्हा फरक धर्माचा नव्हता. एकाने गिऱ्हाइकाचे नाव पाहिले, दुसऱ्याने फक्त गिऱ्हाईक पाहिले.

हा बदल आपोआप झाला नाही. तो मागावा लागला. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने तो १९२४ साली मान्य केला, पण कागदावरच. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडची परिषद झाली. त्या परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात तळे भरलेले, ठराव झालेला, आणि तरी हजारो माणसांना लागणारे पाणी पैसे मोजून आणायचे. दुकानदार पैसे घेतो, पण गिऱ्हाइकाचा हक्क मानीत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. तेव्हा कित्येकांनी महाडमधल्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली. मांडवासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली खासगी जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. महाडचा हा दरवाजा आणि दौलताबादचा तो हौद यांच्यात सातच वर्षांचे अंतर आहे. दोन्ही आपलेच. एक सांगायचा आणि दुसरा झाकायचा, असे केले तर इतिहास सांगितल्यासारखे होणार नाही.

पुढे या साऱ्याचा निष्कर्ष भारताच्या राज्यघटनेत आला. कलम १५च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि त्यांच्याच जोडीला विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही. चहाचे दुकान आणि गावची विहीर एकाच खंडात का आली, असे एखाद्याला वाटेल. मसूर, बडोदा, दौलताबाद ही नावे आठवली की ते कळते.

या कलमावर नोव्हेंबर १९४८मध्ये संविधान सभेत चर्चा झाली. एस. नागप्पा या सदस्यांनी विचारले की 'दुकान' या शब्दात न्हाव्याचे, धोब्याचे दुकान येते का? बाबासाहेबांनी दिलेले उत्तर प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावे असे आहे. त्याचा आशय असा की, जो कुणी मागायला येणाऱ्याला आपली सेवा द्यायला तयार असतो, त्याचे ते दुकान. आणि या कलमाचा अर्थ दुकानात नुसते पाऊल टाकू देणे एवढा नाही. ठरलेल्या अटींवर ती सेवा मिळणे हा त्याचा अर्थ आहे. म्हणजे आत या म्हणायचे आणि कप मात्र कोनाड्यातला द्यायचा, ही पळवाट घटनेच्या शिल्पकाराने त्याच दिवशी बुजवली. १९५५च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तर भांड्यांचाच उल्लेख केला. हॉटेल, धर्मशाळा, सराई किंवा मुसाफिरखाना यांत सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा त्या कायद्याच्या कलम ४खाली गुन्हा झाला. पुढे १९७६पासून हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. कायदा करणाऱ्यांना सराई आणि मुसाफिरखाना हे आपले शब्द मुद्दाम लिहावे लागले, यातही आपल्यासाठी काही सांगणे आहे.

आमच्या कोनाड्यातले कप मात्र या कायद्यानंतरही अडतीस वर्षे जागेवर होते. मराठवाड्यात ते अनेक हॉटेलांत होते. १९७०च्या दशकात बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली, तेव्हा पाणवठ्यांचे चित्रही वेगळे नव्हते. त्यांनीच पुढे पुण्यात हमाल पंचायतीतर्फे 'कष्टाची भाकर' केंद्रे चालवून दाखवली. राबणाऱ्या माणसाला रास्त दरात, स्वच्छ जागी आणि मानाने जेवण देता येते, हे तिथे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

अब्बा कायद्याला घाबरले नाहीत आणि मोहिमेतही गेले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. 'आपण वेगळे कप ठेवले नाहीत तर बाकीचे गिऱ्हाईक तुटेल', हे त्यांचे गणित होते आणि गावात मूठभर घरे असलेल्या माणसाला ते मोडायची हिंमत होत नव्हती. हे मी समजू शकतो. पण समजणे म्हणजे बरोबर म्हणणे नव्हे.

१९९३ साली अम्मीच्या इलाजासाठी आम्हाला एका मोठ्या शहरात जावे लागले. अम्मी दवाखान्यात दाखल झाली. रात्री मी आणि अब्बा जवळच्या एका लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने खोली आहे म्हणून सांगितले, भाडे सांगितले, रजिस्टर पुढे केले. मी नाव लिहिले. त्याने ते वाचले, रजिस्टर आपल्याकडे ओढले आणि खोली आत्ताच गेली असे सांगितले. ती रात्र आम्ही एस.टी. स्टँडच्या बाकावर काढली. पहाटेपर्यंत अब्बा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याने निदान आपले पैसे घेतले नाहीत. त्या पोराने ठेवलेले पैसे मी गल्ल्यात टाकले होते."

गावी परतल्यावर कोनाड्यातले कप त्यांनी काढून टाकले. दुसऱ्या दिवशी बाकड्यावरून दोन-तीन माणसे उठून गेली. आठवड्याने त्यातली दोन परत आली. ज्या नुकसानीच्या भीतीने कप इतकी वर्षे तिथे राहिले, ते नुकसान एवढेच होते.

आज हा प्रश्न उलट बाजूने आपल्या दारात आला आहे. जुलै २०२४मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थांच्या दुकानदारांनी मालकांची आणि नोकरांची नावे पाटीवर लावावीत, असा आदेश निघाला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते खाद्य विकता ते सांगा, नाव सांगण्याची सक्ती नको, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मार्च २०२५मध्ये महाराष्ट्रातही हिंदू खाटकांच्या मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार प्रमाणपत्र' जाहीर झाले. पूर्वी दुकानदार गिऱ्हाइकाचे नाव विचारी, आता गिऱ्हाइकाने दुकानदाराचे नाव विचारावे अशी व्यवस्था होऊ पाहते आहे. याविरुद्ध आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. घटनेचे कलम १५ ज्या विचारातून आले, तोच विचार आपल्या बाजूने उभा आहे.

पण हे बोलताना आपला हौद आणि आपला कोनाडा आपण आधी पाहिला पाहिजे. आपल्यातही बिरादऱ्या आहेत. जालन्याहून शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली तेव्हा, 'इस्लामात जात नाही' असे सांगून तिला विरोध करणारे कमी नव्हते. जात नसेल तर लग्नाच्या दावतीत मेहतर बिरादरीचा माणूस कोणत्या दस्तरखानावर बसतो, हे एकदा शांतपणे पाहावे.

कुराणातील ८३वी सूरत 'अल्-मुतफ्फिफीन' मापात खोट करणाऱ्यांविषयी आहे. स्वतः घेताना पुरेपूर घ्यायचे आणि दुसऱ्याला देताना कमी द्यायचे, अशांची तिथे निर्भर्त्सना आहे. ही सूरत आपण तराजू आणि वजनापुरती समजतो. तेवढेच पैसे घेऊन एकाला कानाचा कप आणि दुसऱ्याला बिनकानाचा कप देणे, हीसुद्धा मापातली खोटच आहे. अब्बांच्या हॉटेलात वजन कधी कमी भरले नाही, चहात पाणी जास्त पडले नाही, तरी ती खोट वर्षानुवर्षे तिथे होती.

अब्बा आता नाहीत आणि हॉटेलही नाही. त्या जागी मोबाइलचे दुकान झाले आहे. मिलिंदमध्ये शिकणारा तो मुलगा पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. कप काढल्यानंतर अब्बांनी एक-दोनदा वाड्यावर त्याची चौकशी केली होती. "आला तर सांगा, एक चहा माझ्याकडे बाकी आहे," असा निरोपही ठेवला होता. तो आला नाही. हॉटेल बंद झाले त्या दिवशी अब्बांनी उधारीची वही जाळून टाकली. लोकांकडून येणे होते ते सगळे माफ केले. स्वतःच्या अंगावरचे हे एक देणे मात्र शेवटपर्यंत फिटले नाही, असे ते म्हणत.